डोंगरातली वाट कशी ओळखावी?

आमचा रोहा तालुका रायगड जिल्ह्यात आहे. या जिल्ह्याला पूर्वी कुलाबा म्हणत. १९८१ सालापासून रायगड हे नाव आहे. तालुक्यातून कुंडलिका नदी वाहते आणि आजूबाजूला डोंगर आहेत. डोंगर म्हटला की पायवाट आलीच. आज मी तुम्हांला पायवाटेविषयी माहिती सांगणार आहे.

रोह्याजवळ अवचितगड हा किल्ला आहे. त्याची उंची सुमारे ३०० मीटर, म्हणजे हजार फूट आहे. मेढे, पडम व पिंगळसई या गावांतून गडावर वाटा जातात. सगळीकडे दाट जंगल आहे. गडावर बारा कोनांचा दगडी तलाव, पाण्याची टाकी, तोफ व महादेवाचे देऊळ आहे. एका बुरुजावर शके १७१८ असा लेख आहे. म्हणजे इसवी सन १७९६.

पूर्वी मोटारी नव्हत्या. तेव्हा कोकणातले लोक घाटवाटांनीच देशावर जात. बैलांच्या पाठीवर मीठ व तांदूळ लादून नेत. जुन्नरकडे चढणारा नाणेघाट सातवाहन राजांच्या काळातला, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. तो दगड फोडून केला आहे. पण बाकीच्या बहुतेक वाटा चालून चालून पडतात आणि चालणे थांबले की मोडतात. राजस्थानात थरच्या वाळवंटात वारा सुटला की वाळू सरकते व वाट पुसली जाते. आपल्याकडे वाळू नाही, पण पावसाळा वाट पुसतो. डोक्याएवढे गवत वाढते, माती वाहून जाते. म्हणून लोक वाटेवर खुणा करतात. कोणी दगडावर चुन्याचा बाण काढतात, कोणी दगडावर दगड रचून लगोरी करतात.

आता माझी चूक सांगते. गेल्या वर्षी डिसेंबरात मी, दादा व काका पिंगळसईकडून अवचितगडावर गेलो होतो. चढताना दोन वाटा फुटत होत्या तिथे लगोरी रचलेली होती. मला वाटले, कुणी पोरे खेळली असतील. मी दगड मारला आणि लगोरी पाडली. दादा हसला. काका पुढे होते, त्यांनी पाहिले नाही.

उतरताना मी व दादा धावत पुढे आलो. काका मागे राहिले. लगोरी नव्हती, त्यामुळे फाटा आम्हांला कळलाच नाही. आम्ही भलत्याच वाटेने गेलो. ती वाट थोड्या वेळाने कारवीत शिरली आणि तिच्या चार वाटा झाल्या. दादा म्हणाला, "ओढ्याने खाली जाऊ, ओढा गावातच जातो." मला जाम भीती वाटत होती. पाणीही संपले होते.

तेवढ्यात वाडीतल्या एक मावशी मोळी घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, "पोरांनो, कुठं चाललाव? ही गुरांची वाट हाय. ओढ्यानं जाल तर खाली कडा हाय." त्यांनी मोळी खाली ठेवली व आम्हांला फाट्यापर्यंत परत आणले. तिथे पडलेले दगड बघून त्या म्हणाल्या, "पावसानंतर आम्ही लावतो हे. कुणी पाडलं काय म्हाईत." मी काही बोलले नाही.

काका चुकीने आमच्या पुढे, खालपर्यंत जाऊन पुन्हा वर आले होते. हाका मारून त्यांचा आवाज बसला होता. ते रागावले नाहीत. त्यांनी आधी पाणी दिले. मग मी खरे सांगितले. आम्ही तिघांनी लगोरी पुन्हा रचली. मावशी तोवर मोळी आणायला गेल्या होत्या, म्हणून त्यांना सांगायचे राहून गेले.

यावरून मी शिकले ते असे:

१. माणसांची वाट गावाकडे किंवा खिंडीकडे नीट जाते. गुरांची वाट आडवी जाते, तिला फाटे फुटतात व ती झाडीत संपते.

२. चढताना प्रत्येक फाट्यावर एकदा मागे वळून पाहावे. उतरताना वाट तशीच दिसते.

३. वाट चुकली तर पुढे जाऊ नये. शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत परत यावे. तेही जमले नाही तर एका जागी थांबून हाका माराव्यात.

४. ओढ्याने उतरू नये. ओढा कड्यावरून उडी मारतो, आपल्याला मारता येत नाही.

५. धावत पुढे जाऊ नये. मोठ्यांच्या नजरेत राहावे. पाणी बरोबर न्यावे. कोणत्या वाटेने जातो ते घरी सांगून जावे.

६. वाटेवरची लगोरी पाडू नये. ती खेळ नाही. ती मागून येणाऱ्यासाठी लिहिलेली पाटी आहे.

येत्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काकांबरोबर पिंगळसईच्या वाटेवर पडलेल्या लगोऱ्या रचायला जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी गुरुजींकडे नाव द्यावे. पालकही आले तर बरे होईल. मला त्या मावशींनाही भेटायचे आहे.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी