लिहिलेला स्वर, बोललेला स्वर

आपण लिहितो 'जाफराबाद', म्हणतो 'जाफ्राबाद'. मधल्या अक्षरावर जोर पडत नाही आणि त्यातील 'अ' गळतो; 'सरपंच' तसाच 'सर्पंच' होतो. अण्णा भाऊ साठे १९६१ साली ज्या रशियात गेले, तेथेही दुधाला लिहितात 'मोलोको', म्हणतात 'मलाको'; आघाताचा शेवटचा 'ओ' तेवढा शाबूत राहतो. तेव्हा बोलण्यातील ही गळती म्हणजे अशुद्धता नव्हे. खेड्यातून आलेल्या मुलाला त्यावरून कोणी हसू नये.

वंदनेच्या वेळी मात्र आम्ही मुलांना थांबवतो. पालीतील प्रत्येक 'अ' पूर्ण उच्चारायचा असतो : भ-ग-व-तो, अ-र-ह-तो. 'अर्हतो' म्हटले की पालीचा शब्द नकळत संस्कृत रूपाकडे सरकतो. आम्ही स्वतः कित्येक वर्षे तसेच म्हणत होतो.