ग्रंथालय सेवकांचे नवे शिक्षण

ग्रंथालयाची थोरवी तेथील पुस्तकांच्या संख्येवरून सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. अमुक हजार ग्रंथ आहेत असे सांगितले की ऐकणाऱ्याचे समाधान होते. परंतु वाचकाने मागितलेले पुस्तक त्याच्या हाती पडण्यास किती वेळ लागतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ग्रंथालयाची खरी परीक्षा या प्रश्नातच आहे, आणि ती परीक्षा कपाटे देत नाहीत. कपाटांपाशी बसलेला सेवक ती देत असतो. संस्थेच्या या महोत्सवी स्मरणिकेत इमारती, देणग्या व कार्यक्रम यांविषयी पुष्कळ लिहिले जाईल. आम्ही मात्र त्या सेवकाविषयी, आणि आज त्याच्यापुढे आलेल्या नव्या विद्येविषयी चार शब्द लिहू इच्छितो.

आपल्या बीदरला ग्रंथसंग्रहाची परंपरा नवी नाही. बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान याने १४७२ साली येथे उभारलेल्या मदरशात तीन हजार ग्रंथ होते, असे फरिश्ता हा इतिहासकार सांगतो. छापखाना नसलेल्या काळातले हे ग्रंथ हातांनी लिहिलेले होते. पुढे दारूच्या स्फोटात त्या इमारतीचा मोठा भाग कोसळला. तरी तिचा उरलेला मनोरा व रंगीत कौलांचे अवशेष आजही आपण पाहतो. ग्रंथ मात्र तेथे राहिले नाहीत. त्यांची यादीही आपल्यापाशी नाही. ग्रंथ नाहीसा झाला तरी त्याची नोंद उरली, तर तो कोठे शोधावा एवढे तरी कळते. नोंदही नसली म्हणजे तो ग्रंथ होता की नव्हता, हेच पुढच्या पिढीस कळत नाही. यास्तव नोंद ठेवणे हे कारकुनी काम नव्हे. ते ग्रंथरक्षणाचेच काम होय.

आधुनिक काळात आपल्या भागात ग्रंथालयाला कायद्याचा आधार मिळाला तो १९५५ च्या हैदराबाद सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने. दुसऱ्याच वर्षी राज्यपुनर्रचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्रात गेला आणि उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. पुढे कर्नाटकचा ग्रंथालय कायदा १९६५ साली झाला आणि महाराष्ट्राचा १९६७ साली. म्हणजे एकाच बोलीचे, एकाच नात्यागोत्याचे वाचक निरनिराळ्या व्यवस्थांखाली वाचू लागले. भालकीच्या वाचकाला हवे असलेले मराठी पुस्तक उदगीरच्या कपाटात असले, तरी ते तेथे आहे हे कळण्याचा मार्ग त्यास नव्हता.

आता तो मार्ग इंटरनेटने खुला केला आहे. कर्नाटकात २०१९ साली ग्रामपंचायतींची पाच हजारांहून अधिक ग्रंथालये ग्रामविकास व पंचायतराज खात्याकडे सोपविण्यात आली. २०२० च्या नोव्हेंबरात ‘ओदुव बेळकु’, म्हणजे वाचनाचा प्रकाश, या नावाची मोहीम निघून मुलांना तेथे विनामूल्य सभासद करून घेण्यात येऊ लागले. त्याच वर्षी राज्याचे डिजिटल सार्वजनिक ग्रंथालयही सुरू झाले. या ग्रामीण ग्रंथालयांना आज ‘अरिवु केंद्र’ असे म्हणतात. ‘अरिवु’ या कन्नड शब्दाचा अर्थ जाण किंवा ज्ञान. ठिकठिकाणी संगणक आले, दूरदर्शन संच आले. परंतु जेथे मानधनावर काम करणारा एकच सेवक असतो, तेथे यंत्र आले आणि शिक्षण आले नाही, तर ते यंत्र धुळीपासून जपण्याचे आणखी एक काम त्याच्या वाट्यास येते, एवढेच. म्हणून सेवकाने नेमके काय शिकावयाचे, याचा नीट विचार केला पाहिजे. आमच्या मते असे चार धडे आहेत.

पहिला धडा लिपीचा. आपल्या भागातील ग्रंथालयात कन्नड, मराठी, उर्दू, हिंदी व इंग्रजी अशी पुस्तके शेजारी शेजारी नांदतात. संगणकावर नोंद करताना मात्र सोय म्हणून पुष्कळदा सर्वच पुस्तकांची नावे इंग्रजी अक्षरांत लिहिली जातात. एक सेवक एका तऱ्हेने लिहितो, दुसरा दुसऱ्या तऱ्हेने. मग देवनागरीत नाव लिहून शोधणाऱ्या वाचकास ‘पुस्तक उपलब्ध नाही’ असे उत्तर मिळते आणि पुस्तक तर समोरच्या कपाटात असते! यावर उपाय म्हणजे ज्या भाषेचे पुस्तक, त्याच लिपीत नोंद. यूनिकोड या जागतिक संकेतामुळे हे साधले आहे. पूर्वी एका छापखान्याच्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की निरर्थक चिन्हे उमटत. यूनिकोडमध्ये प्रत्येक अक्षरास ठरलेला क्रमांक असल्याने तसे होत नाही. टंकलेखनाची भीतीही बाळगण्याचे कारण नाही. ‘इन्स्क्रिप्ट’ नावाची जी सरकारमान्य कळरचना आहे, तीत स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे असतात, आणि देवनागरी ‘क’ ज्या कळीवर, त्याच कळीवर कन्नड ‘क’. म्हणजे मराठी टंकलेखन शिकलेल्या सेवकाची बोटे कन्नडसाठी निम्म्याहून अधिक तयार झालेली असतात. उर्दूची कळरचना तेवढी निराळी शिकावी लागते. तेथे एक सावधगिरी हवी. शब्दाच्या मध्यभागी येणारी अरबी ‘ये’ आणि उर्दू ‘ये’ डोळ्यांना सारखी दिसते, परंतु यंत्राच्या लेखी ती दोन भिन्न अक्षरे होत. एका कळीच्या चुकीने पुस्तक शोधातून निसटते.

दुसरा धडा नावांचा. हरि नारायण आपटे यांच्या सुप्रसिद्ध कादंबरीचे नाव ‘पण लक्षांत कोण घेतो?’ असे अनुस्वारासह छापले गेले. १९६२ साली मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि ‘लक्षांत’चे ‘लक्षात’ झाले, ‘हरि’चे ‘हरी’ झाले. माणसाला यात काहीच अडचण वाटत नाही, परंतु साध्या शोधयंत्राला ती दोन वेगळी नावे वाटतात. आपल्या मातीतील उदाहरण घ्यावयाचे, तर मराठीत ज्यांचे ग्रंथ ‘मृत्युंजय’ या नावाने प्रसिद्ध आहेत ते संतकवी म्हणजेच बहामनी घराण्याशी ज्यांचे नाव जोडले जाते ते शहा मुंतोजी. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांचे नाव कोणी ‘मोहंमद’ लिहितो, कोणी ‘मुहम्मद’. गुलबर्गा शहराचे नाव २०१४ साली कलबुर्गी झाले, परंतु त्यापूर्वी छापलेल्या पुस्तकांवर गुलबर्गा हेच नाव राहणार. अशा वेळी एक नाव प्रमाण मानून बाकीच्या नावांवरून त्याकडे वाट दाखवावी लागते. जुन्या तालिकेत ‘मुंतोजी – पाहा : मृत्युंजय’ असे कार्ड घालीत असत, संगणकातही तेच करावयाचे असते. म्हणजे नव्या विद्येचा हा धडा जुन्या ग्रंथपालास आधीच येत असतो! तरुण सेवकाला कळा दाबता येतात, वयस्क सेवकाला नावे ठाऊक असतात. दोघांनी शेजारी बसले पाहिजे.

तिसरा धडा वाचकासाठी शोध घेण्याचा. आपल्या कपाटात नसलेला ग्रंथ अन्यत्र आहे काय, हे सेवकाला सांगता आले पाहिजे. मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. उर्दूची हजारो जुनी पुस्तके २०१३ साली सुरू झालेल्या ‘रेख्ता’वर आहेत. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय विद्यार्थ्यांना उपयोगी आहे. येथे दोन बंधने पाळावीत. एक, हाती येईल ते पुस्तक मोबाईलवर छायाचित्रे काढून वाटू नये. आपल्या कायद्याने लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या पुस्तकाचा हक्क सुरक्षित असतो. दुसरे, यंत्राने दिलेले उत्तर तपासल्यावाचून वाचकास देऊ नये. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज कोणत्याही प्रश्नाचे उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने देतात, प्रसंगी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचे नावही सांगतात. ‘हे कोणत्या ग्रंथात आहे, दाखवा’ असे विचारणारा माणूस ग्रंथालयात तरी असलाच पाहिजे.

चौथा धडा विश्वासाचा. कोणत्या वाचकाने कोणते पुस्तक नेले, त्याचा फोन क्रमांक काय, ही माहिती पूर्वी नोंदवहीत बंद असे. आता ती क्षणात शंभर लोकांपुढे जाऊ शकते. आजाराविषयी, कायद्याविषयी किंवा स्वतःच्या अडचणीविषयी पुस्तक नेणाऱ्या वाचकाचे, विशेषतः भगिनींचे नाव समूहसंदेशात प्रसिद्ध झाले, तर तो वाचक पुन्हा पायरी चढणार नाही. परवलीचा शब्द भिंतीवर चिकटवून ठेवणे हेही याच जातीचे अज्ञान होय.

हे सर्व शिकावयाचे कसे? याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेतील शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००६ साली घालून दिले. हेलन ब्लोअर्स या बाईंनी तेथील सेवकांसाठी तेवीस लहान लहान गोष्टींची यादी केली. आज छायाचित्र इंटरनेटवर ठेवा, उद्या स्वतःची रोजनिशी तेथे लिहा, परवा दुवे जपून ठेवा, अशा त्या गोष्टी होत्या. नऊ आठवड्यांत ज्याने त्याने आपल्या गतीने, परंतु एकमेकांस विचारीत, त्या पुऱ्या करावयाच्या आणि पुऱ्या करणाऱ्यास गाणी ऐकण्याचे एक छोटे यंत्र बक्षीस मिळावयाचे. जगातील शेकडो ग्रंथालयांनी हा पाठ उचलला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की त्या तेवीस गोष्टींतील कित्येक साधने आज बंद पडली आहेत. तरीही शिक्षण वाया गेले नाही. कारण सेवक शिकले ते अमुक साधन नव्हे. न घाबरता नवे साधन हाताळून पाहण्याची सवय त्यांना जडली. शाळेत आम्ही शिक्षक जे रोज पाहतो तेच येथे दिसते. एका दिवसाच्या शिबिरात ऐकलेले आठ दिवसांत विसरते. रोज थोडे हाताने केलेले अंगी मुरते.

आणखी एक उदाहरण आपल्यासारख्या विश्वस्त संस्थांनी विशेष ध्यानात ठेवावे. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्ट नावाची संस्था होती. १९९९ साली, सन २००० उजाडताच जुनी संगणकप्रणाली निकामी होणार, अशी अडचण तिच्यापुढे उभी राहिली. संस्थेने नवी प्रणाली तयार करवून घेतली आणि ती स्वतःपुरती न ठेवता साऱ्या जगास विनामूल्य दिली. तिचे नाव ‘कोहा’. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि तीही अशी की घेणाऱ्यानेही पुढे काही द्यावे अशी अपेक्षा तीत असते. आज देशोदेशीची ग्रंथालये ती वापरतात आणि देवनागरी, कन्नड व उर्दू या तिन्ही लिपींत तीत नोंदी करता येतात. आमच्या धर्मपरंपरेत अशा दानास सदका-ए-जारिया म्हणतात. विहीर खोदणाऱ्याच्या मागेही लोक पाणी पितात, तसे हे वाहते दान. ज्ञानाचे दान त्यात फार वर मानले आहे.

आपल्या भागातील दात्यांनी ग्रंथालयास कपाटे दिली, पंखे दिले, पुस्तके दिली. त्याबद्दल समाज ऋणी आहे. आता एक निराळे दान मागण्याची वेळ आली आहे, आणि ते म्हणजे सेवकाच्या शिक्षणासाठी वेळ. आठवड्यातून दोन तास ग्रंथालयाचे दार लावून घेऊन सेवकाने शिकावे आणि त्या दोन तासांचे मानधन कापले जाऊ नये, एवढी व्यवस्था विश्वस्तांनी करावी. गावातील महाविद्यालयीन मुलामुलींनी त्या वेळी शेजारी बसून कळा दाखवाव्यात. घरातील वडीलधाऱ्यांनी जुन्या पुस्तकांची नावे व लेखक ओळखून द्यावेत. मराठी व उर्दू जाणणारी ही वडील मंडळी आज आहेत. मुखपृष्ठ फाटलेले पुस्तक हाती घेऊन ते कोणाचे, हे सांगणारी ती शेवटची माणसे ठरू नयेत. त्यांच्या डोळ्यांदेखत नोंदी झाल्या नाहीत, तर पुढे ती पुस्तके ‘अज्ञात भाषेतील रद्दी’ म्हणून बाहेर पडतील आणि त्याचा दोष यंत्राकडे जाणार नाही.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथालय ही वाढती सजीव संस्था आहे, हे त्यांतील शेवटचे सूत्र. सजीव वस्तू वाढते तेव्हा केवळ तिचे हातपाय वाढून चालत नाही, तिची समजही वाढावी लागते. इमारत, कपाटे व संगणक हे ग्रंथालयाचे हातपाय होत. त्याची समज सेवकाच्या ठायी असते. ती वाढविण्याचा संकल्प या महोत्सवी वर्षात आपण सर्वांनी करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.