शहरात शिकणारी आमची मुले आणि व्यसन

दरसाल पावसाळ्याच्या आरंभी आमच्या खेड्यांतील कित्येक मुलेमुली बारावी होऊन पुणे, मुंबई, नागपूर येथील कॉलेजांत व विद्यापीठांत शिकावयास जातात. आईबाप फीचे पैसे कसेबसे उभे करितात आणि एस.टी.त बसविताना “दारूला शिवू नकोस” एवढे बजावून निरोप देतात. हा उपदेश योग्यच आहे. परंतु तो पुरेसा नाही, हे ह्या धड्यात दाखवावयाचे आहे.

१. व्यसन कोणत्या वाटेने येते? दारूबाज म्हटला की झोकांड्या खात घरी येणारा व बायकोवर हात टाकणारा माणूस आमच्या मुलांस आठवतो. वसतिगृहात दारू त्या रूपाने येत नाही. कोणाचा वाढदिवस, परीक्षेचा शेवट, नव्या विद्यार्थ्यांचे स्वागत अशा निमित्ताने ती मित्राच्या हातून येते. खेड्यातल्या मुलास इंग्रजी अडते, अंगावरचे कपडे साधे असतात, ओळखीचे कोणी नसते. “नको” म्हटले तर आपण एकटे पडू, ह्या भयाने तो पहिला पेला उचलतो. दानीएल बाबेलच्या राजवाड्यात शिक्षणासाठी ठेविला गेला तेव्हा त्याने राजाचा द्राक्षारस नाकारला, हे आपण जाणतो. पण त्याच निश्चयाचे तीन सोबती त्याच्यासह होते, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून मुलास शहरी पाठविताना त्याला सोबती कोण मिळेल, ह्याचा शोध आधी करावा. कोणी दारू पिण्याची जबरदस्ती केली, तर ते रॅगिंग होय. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली त्याविरुद्ध नियम केले असून १८००-१८०-५५२२ ह्या क्रमांकावर तक्रार करिता येते.

२. हे पदार्थ काय करितात? महाराष्ट्रात २५ वर्षांखालील इसमास कडक दारू व २१ वर्षांखालील इसमास बियर विकण्यास कायद्याने मनाई आहे. ह्यास कारणही आहे. विचार करून मनास आवरणारा मेंदूचा भाग पंचविशीच्या सुमारापर्यंत वाढत असतो. दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले. गांजाने स्मरण व चित्ताची एकाग्रता मंदावते. विद्यार्थ्याची तर तीच पुंजी. तिसरा पदार्थ मेफेड्रोन. मुले त्यास ‘एम.डी.’ म्हणतात. ही कारखान्यात बनणारी भुकटी घेतली की झोप व भूक उडते, आणि अंमल उतरला की मन खिन्न होऊन ती पुनः मागते. २०१५ साली ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आली. तथापि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथून तिचा शेकडो किलोंचा साठा पकडला. तेव्हा हे संकट मुंबईपुरते आहे असे कोणी समजू नये.

३. घराने काय करावे? मुलगा चुकला तर बहुधा प्रथम लपवितो. गावात नाव जाईल, बाप शिक्षण बंद करील, ह्या धाकाने तो बोलत नाही, आणि लपविलेले व्यसन वाढते. हाच धाक सोबत्यांसही असतो. दारूने बेशुद्ध झालेल्या मित्रास ते “झोपू द्या, उतरेल” म्हणून खोलीत टाकून जातात, आणि उलटी श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. अशा वेळी त्यास कुशीवर निजवावे, एकटे सोडू नये व १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

आता कायद्याकडे पाहा. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा अतिशय कडक आहे. तरी त्याचे कलम ६४-अ असे आहे की, अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी आपण होऊन सरकारी वा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल व तो पुरा करील, तर त्यावर खटला चालू नये. कायदा जर परतीची वाट ठेवितो, तर बापाने ती का बुजवावी? “काहीही घडले तरी पहिल्याने मला सांग, मी ऐकून घेईन,” हे वाक्य निरोपाच्या वेळी बोलावे, आणि वेळ आल्यास पाळावे. व्यसन हा उपचार होणारा आजार आहे. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट ह्यांनी १९८६ साली स्थापिलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हेच काम करीत आले आहे. भारत सरकारच्या १४४४६ ह्या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी लिहून ठेवावा.

विचारासाठी प्रश्न
(१) आपल्या गावातून कोण कोण शहरी शिकत आहेत? त्यांस ह्या महिन्यात कोणी विचारपूस केली?
(२) पैशांची वाढती मागणी, तुटक बोलणे, सुटीत घरी न येणे, अशी चिन्हे दिसल्यास प्रथम काय विचारावे?
(३) चुकलेला मुलगा परत आला, तर गाव त्याची निंदा करील की त्यास साह्य करील?