रात्रीचा आवाज कोणाचा? घराभोवतीच्या पक्ष्यांची स्वरावरून ओळख

दिवाळीच्या सुमारास खळी सुरू झाली की घरात धान्य येते आणि धान्यामागोमाग उंदीर येतात. अशाच एखाद्या रात्री गोठ्याच्या तुळईवरून किंवा जुन्या वाड्याच्या पडक्या भिंतीतून कापड टरकावल्यासारखा कर्कश आवाज येतो. घरची माणसे दचकतात, वडीलधारी मंडळी अपशकुन म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी भिंतीतील भोक चिखलाने लिंपले जाते. आवाज करणारा प्राणी कोणी पाहिलेला नसतो. पुष्कळदा ते गव्हाणी घुबड असते आणि लिंपलेल्या भोकात त्याची पिले असतात. कणगीची राखण करणाऱ्यालाच अशा रीतीने घराबाहेर काढले जाते.

रात्रीचा पक्षी डोळ्यांनी ओळखणे अवघड; कानांनी ओळखणे त्या मानाने सोपे आहे. मात्र पहिल्याच रात्री विजेरी घेऊन आवाजामागे धावू नये, कारण पक्षी लगेच गप्प होतो. अंगणात बसून ऐकावे. आवाज कोणत्या वेळी आला, झाडावरून आला की जमिनीवरून, एकच पक्षी बोलतो की दुसरा त्याला उत्तर देतो, हे वहीत टिपून ठेवावे. ‘भयंकर’ किंवा ‘रडका’ असे शब्द लिहून काही उपयोग नाही. कानाला जशी अक्षरे ऐकू येतात तशीच ती लिहावीत. मोबाइल फोनवर आवाज मुद्रित केल्यास तो जाणकाराला ऐकविता येतो. तो पक्ष्यासमोर वारंवार वाजवू मात्र नये. विणीच्या काळात त्याने पक्षी अस्वस्थ होतात.

वहीत ‘चिर्र-चिर्र, चिवक्-चिवक्’ असे लिहिले गेले आणि वेळ दिवेलागणीची किंवा पहाटेची असली, तर तो पिंगळा समजावा. हा साळुंकीएवढा, करड्या-तपकिरी रंगाचा, पांढऱ्या ठिपक्यांचा पक्षी आंब्याच्या किंवा चिंचेच्या ढोलीत जोडीने राहतो. दोघे एकदमच बोलू लागतात, म्हणून चार-पाच पक्षी भांडत असल्याचा भास होतो. पहाटे दारी येणारा पिंगळा जोशी याच पक्ष्याच्या बोलावरून भविष्य सांगत असे. पिंगळ्याचा आहार भुंगे, नाकतोडे, पतंग, पाली आणि लहान उंदीर असा असतो.

गव्हाणी घुबड ‘घू-घू’ करीत नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. त्याची किंचाळी एकेकटी, लांब आणि घोगरी असते. पिले अन्नासाठी रात्रभर ‘हिस्स्-हिस्स्’ असा आवाज करतात. तो ऐकून भिंतीत नाग शिरल्याची आवई उठते आणि लोक काठ्या घेऊन धावतात. खात्री करून घेण्याचा एक सोपा उपाय आहे. दिवसा त्या जागेखाली काळसर, अंगठ्याएवढ्या गोळ्या पडल्या आहेत काय ते पाहावे. घुबड भक्ष्य बहुधा सबंध गिळते आणि न पचलेली हाडे व केस गोळीच्या रूपाने ओकून टाकते. ही गोळी पाण्यात भिजवून काडीने सोडवावी. पुढे वळलेले लांब पिवळे-नारिंगी दात असलेली कवटी उंदराची. चिचुंद्रीच्या कवटीत असे दात नसतात. गावपातळीवरील कार्यकर्त्याने चावडीवर एक गोळी सर्वांसमक्ष सोडवून दाखविली, तर व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.

दगडी फरशीवर सोडलेली गोटी आधी सावकाश आणि मग भराभर उड्या घेत थांबावी, तसा ‘चुक्-चुक्-चुक्-चुक्-र्‌र्‌र्’ आवाज माळावरून आला तर तो रातवा. तो गाडीवाटेवर बसतो आणि दिव्याच्या उजेडात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. त्याचे खाणे उडते किडे हेच आहे.

टिटवीची गोष्ट वेगळी. ‘टिटिव्-टिटिव्’ हा आवाज दिवसाही ऐकू येतो. रात्री आला तर कोल्हा, कुत्रा किंवा माणूस तिच्या अंड्यांजवळून चालला आहे असे समजावे. ती घरादारावर संकट आणते या समजुतीला आधार नाही. जागल्याला मात्र तिचा फार उपयोग होतो.

घुबड ओळखू आल्यावर भिंतीची डागडुजी पिले उडून जाईपर्यंत, म्हणजे सुमारे दोन महिने, पुढे ढकलावी. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमान्वये घुबडांना संरक्षण आहे. त्यांना मारणे किंवा पकडणे हा गुन्हा आहे. उंदरांना विषारी आमिष घातले असल्यास मेलेले उंदीर रोज सकाळी, हाताला पिशवी गुंडाळून, गोळा करावेत आणि खोल खड्ड्यात पुरावेत. ते उकिरड्यावर टाकल्यास घुबड, मांजर किंवा कुत्रा ते खातो आणि विष त्याच्याही पोटात जाते. विष खाऊन मंदावलेला उंदीर घुबडाला सहज सापडतो. म्हणून ज्या गोठ्यात त्याचे घरटे आहे तेथे आमिषाऐवजी पिंजरे लावावेत.