अपीलकर्त्याच्या गैरहजेरीमुळे फेटाळलेले अपील

पक्षकार धार जिल्ह्यातील सरदारपूरचा शेतकरी असो वा शासनाचा विभाग, नियम एकच आहे. सुनावणीच्या वेळी अपीलकर्ता स्वतः वा वकिलामार्फत हजर नसल्यास, दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, आदेश ४१, नियम १७ अन्वये न्यायालयास अपील फेटाळता येते. मात्र १९७६ च्या सुधारणेतील स्पष्टीकरणानुसार गुणावगुणांवर नव्हे. पुरेसे कारण सिद्ध केल्यास नियम १९ अन्वये ते पुन्हा दाखल करून घेतले जाते. त्यासाठीचा अर्ज फेटाळल्याच्या दिनांकापासून ३० दिवसांत करावयाचा असतो. वकिलाच्या गैरहजेरीची झळ निर्दोष पक्षकारास बसू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने रफीक विरुद्ध मुन्शीलाल (१९८१) या प्रकरणी मानले. तथापि, त्यावर विसंबून न राहता संबंधितांनी प्रत्येक तारखेची नोंद ठेवावी. अन्यथा मूळ हुकूमनामा कायम राहतो.