आकडा उतरतो तेव्हा काय वाचावं

सार्वजनिक आरोग्याची आकडेवारी हे माझं काम. न्यूयॉर्क शहरातल्या ओव्हरडोसच्या मृत्यूंचे अहवाल मी बरीच वर्षं वाचते आहे. 2015 साली हा आकडा हजाराच्या आत होता. 2022 आणि 2023 या दोन्ही वर्षांत तो तीन हजारांवर होता. 2024 मध्ये सुमारे 2,200 वर आला. या वाचनातून हाती लागलेलं थोडं सांगते.

1. ताज्या महिन्यांवर भिस्त ठेवू नये. शवविच्छेदन, रक्ताची तपासणी आणि मेडिकल एक्झामिनरचा निर्णय यांत आठवडे जातात, कधी महिनेही. तोवर ते मृत्यू कारणाविना पडून असतात. म्हणून शेवटचे महिने नेहमीच कमी दिसतात, आणि बातम्या नेमक्या त्यांच्यावरच होतात.

2. मोजलं काय, ते आधी बघावं. शहराचा अहवाल अपघाती ओव्हरडोसच मोजतो. केंद्रीय यंत्रणेच्या नेहमीच्या आकड्यात आत्महत्याही धरलेल्या असतात. दोन्ही शेजारी ठेवून वाद घालणाऱ्यांना मला हे वारंवार सांगावं लागतं.

3. अमली पदार्थांच्या टक्केवारीची बेरीज शंभरावर जाते, कारण एकाच माणसाच्या रक्तात दोन-तीन पदार्थ सापडतात. 2023 मध्ये सुमारे 80 टक्के मृत्यूंमध्ये फेंटानिल हे अफूवर्गातलं (ओपिऑइड) तीव्र रसायन होतं आणि निम्म्याच्या आसपास कोकेनही. कोकेन घेणाऱ्याला त्यात फेंटानिल मिसळलंय हे ठाऊकच नसेल, तर ओपिऑइडची सवय नसलेल्या त्याच्या शरीराला अगदी थोडं फेंटानिलही जीवघेणं ठरतं.

4. सगळ्यात जास्त वेळ मी एकूण आकड्याच्या पोटात काय आहे हे पाहण्यात घालवते. ओव्हरडोस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर विशीतली मुलं येतात. या शहरात मात्र सर्वाधिक मृत्यूदर 55 ते 64 या वयोगटाचा आढळला. शाळा-कॉलेजातले इशाऱ्याचे फलक या माणसांपर्यंत पोचत नाहीत. दर लाख लोकांमागे मृत्यू मोजले की दक्षिण ब्रॉन्क्स वर येतो. श्रीमंत वस्त्यांपेक्षा तिथला दर कितीतरी पटींनी जास्त. 2022 ते 2023 मध्ये शहराचा आकडा जवळपास जागच्या जागी राहिला, आणि ‘परिस्थिती स्थिरावली’ असं बोललं गेलं. प्रत्यक्षात गोऱ्या रहिवाशांमधले मृत्यू कमी झाले होते, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो रहिवाशांमधले वाढले होते. ज्या घरातून माणूस गेला, त्यांना ‘स्थिर’ हा शब्द कसा ऐकवायचा?

5. घट झाली की श्रेय घ्यायला बरेच जण पुढे येतात. नॅलोक्झोन हा उतारा हातोहाती पोचला, उपचार वाढले, बाजारातल्या फेंटानिलचा जोर बदलला. हे सगळं त्यात असू शकतं. पण ज्यांना सर्वाधिक धोका होता त्यांतले कितीतरी आधीच दगावले, हेही त्यात असू शकतं, आणि एकट्या आकड्यातून यांची फोड करता येत नाही. शिवाय 2024 चा तो उतरलेला आकडासुद्धा 2015 च्या दुपटीहून जास्त आहे. निधी कापायला निघालेल्यांपुढे मी तो तसाच ठेवते.