सांडपाण्यातील स्फुरद व ते वेचणारे जिवाणू

खडकवासल्याहून निघालेली मुठा नदी वारज्यावरून पुणे शहरात शिरते. पुढे शहराचे सांडपाणी पोटात घेऊन हे पाणी भीमेतून उजनीच्या जलाशयास मिळते. वाटेत ठिकठिकाणी जलपर्णी माजते. तिला नत्राबरोबर पोसणारे दुसरे अन्न म्हणजे सांडपाण्यातील स्फुरद होय.

घरगुती सांडपाण्यात दर लिटरला सामान्यतः ५ ते १० मिलिग्रॅम स्फुरद असते. प्रमाण क्षुल्लक वाटेल. परंतु दहा लाख लिटर पाण्याचा हिशेब केल्यास ते निदान ५ किलो भरते. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या जवळजवळ दीड पोत्यातील अन्नांश असा नदीत जातो, आणि तेच खत शेतकरी पैसे मोजून विकत घेतो.

हे स्फुरद पाण्यातून वेचण्याचे काम काही जिवाणू करतात. त्यांची रीत चमत्कारिक आहे. त्यांना प्रथम हवा नसलेल्या टाकीत ठेवतात. तेथे सांडपाण्यातील आम्ले शोषून अंगी साठविण्यासाठी लागणारी शक्ती ते आपल्या जवळच्या स्फुरदाच्या साठ्यातून मिळवितात. म्हणून पाण्यातील स्फुरद कमी होण्याऐवजी वाढते. नवख्या माणसास यंत्रणा बिघडली असेच वाटावे. नंतर हवा खेळविलेल्या टाकीत ते साठविलेले अन्न जाळतात व सोडले त्याहून अधिक स्फुरद ओढून घेतात. साध्या गाळात कोरड्या वजनाच्या दीड ते दोन टक्के स्फुरद असते; या गाळात ते पाच ते सात टक्क्यांपर्यंत चढते.

प्रक्रियेतील गाळ सांडपाण्यातील स्फुरद झपाट्याने शोषतो, ही गोष्ट बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील श्रीनाथ, शास्त्री व पिल्लै यांनी १९५९ सालीच प्रसिद्ध केली होती. १९७० नंतरच्या दशकात दक्षिण आफ्रिकेत जेम्स बर्नार्ड यांनी तिला व्यवहार्य रूप दिले.

शेतकऱ्यांच्या परिचयाचे स्फुरद विरघळविणारे जिवाणू याच्या उलट काम करतात. ते जमिनीत अडकलेले स्फुरद पिकास मोकळे करून देतात. त्यांची पाकिटे गटारात ओतून पाणी शुद्ध होणार नाही.

मुख्य गोष्ट अशी की, स्फुरद नाहीसे होत नाही, ते पाण्यातून गाळात जाते. गाळ वेळेवर काढला नाही व हवेवाचून कुजत राहिला, तर जिवाणू ते पुन्हा पाण्यात सोडतात आणि सारा खटाटोप वाया जातो. मुळा-मुठेच्या प्रदूषण निवारणासाठी जपानच्या जायका संस्थेच्या कर्जसाह्याने २०१६ मध्ये ठरलेल्या योजनेत ११ शुद्धीकरण केंद्रे असून त्यांत वारज्याचे एक आहे. अशा कोणत्याही केंद्राचा गाळ शेतात नेताना ग्रामसेवकांनी पुढील खबरदारी घ्यावी.

गाळात रोगजंतू व कारखान्यांतून आलेले जड धातू असू शकतात. म्हणून त्याचे पृथक्करण करवून घेतल्याशिवाय तो वापरू नये. गाळ वाळवून, उसाचे पाचट किंवा काडीकचरा मिसळून, ढीग चांगला तापेपर्यंत कुजवावा. कोथिंबीर, मुळा यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांस तो मुळीच घालू नये. मातीची तपासणी आधी करावी, आणि उपलब्ध स्फुरद भरपूर निघाल्यास त्या वर्षी गाळ शेजारच्या हलक्या रानास द्यावा.